१.४एक्स की २एक्स? आधी लेन्सकडे शिल्लक किती आहे ते बघा

प्रश्न थोडक्यात असा: २४ मेगापिक्सेलची फुल-फ्रेम मिररलेस बॉडी, सोबत ७०-२०० एफ/२.८ आणि १००-४०० एफ/४.५-५.६ अशा दोन झूम लेन्स (पहिले आकडे फोकल लेंग्थचे, मिलिमीटरमध्ये; एफपुढचा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त). पक्षी फ्रेममध्ये फार लहान येतात. टेलिकन्व्हर्टर (लेन्सचा पल्ला वाढवणारं जोडभिंग) घ्यायचा तर १.४एक्स की २एक्स? कॅमेरा कंपनीचाच घ्यावा का? की नुसतं क्रॉप करून, म्हणजे फोटोचा मधला भाग कापून, भागेल?

उत्तर आधी देऊन टाकतो. १.४एक्स घ्या, १००-४०० साठी घ्या, आणि ज्या कंपनीची लेन्स आहे तिचाच घ्या. २एक्स या दोन लेन्सवर पक्ष्यांसाठी घेऊ नका. हे का, ते सांगायला थोडी जागा लागेल, कारण बहुतेक जण "मला किती पट हवंय" इथून सुरुवात करतात. सुरुवात "माझ्या लेन्सकडे द्यायला किती आहे" इथून व्हायला हवी. कन्व्हर्टर स्वतःचं काहीच आणत नाही. लेन्सच्या प्रकाशाची, शार्पनेसची आणि फोकसची जी शिल्लक असेल ती तो खर्च करतो.

कन्व्हर्टर म्हणजे लेन्स आणि बॉडी यांच्यामध्ये बसणारा, किरणांना थोडं फाकवणारा भिंगांचा गट. लेन्सने तयार केलेल्या प्रतिमेचा मधला भाग तो ताणून सगळ्या सेन्सरवर पसरवतो. युक्ती जुनी आहे. पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने १८३०च्या दशकात ती दुर्बिणीसाठी वापरली आणि आकाशनिरीक्षक आजही तसल्या भिंगाला बार्लोच म्हणतात. प्रतिमा १.४ पट ताणली की तिचं क्षेत्रफळ दुप्पट होतं, म्हणजे तेवढ्याच जागेवर निम्मा प्रकाश पडतो. हा एक स्टॉप. २एक्सने क्षेत्रफळ चौपट, म्हणजे दोन स्टॉप. निकॉनचा जुना १.७एक्स यांच्या मधला, दीड स्टॉप खाणारा. हे नुकसान भिंगाच्या दर्जाचं नाही, भूमितीचं आहे. कितीही महाग कन्व्हर्टर घेतला तरी ते चुकत नाही.

आता तुमच्या लेन्स मांडून बघू. ७०-२०० एफ/२.८ वर २एक्स लावला की १४०-४०० एफ/५.६ मिळतं. पण ४०० एफ/५.६ तर तुमच्याकडे आहेच! आणि ती खास त्यासाठी बनवलेली लेन्स आहे, ताणून केलेली नाही. त्यामुळे हा पर्याय इथेच संपला. ज्याच्याकडे फक्त ७०-२०० आहे आणि दुसरी लेन्स पिशवीत न्यायची नाही, त्याच्यासाठी २एक्स ही समजण्यासारखी तडजोड आहे. तुमच्यासाठी नाही. ७०-२०० वर १.४एक्स लावून ९८-२८० एफ/४ मिळतं. मोठ्या प्राण्यांना, मैदानी खेळांना, संध्याकाळच्या उजेडात ते उत्तम. पक्ष्यांना २८० कमीच.

१००-४०० वर १.४एक्स म्हणजे १४०-५६०, लांबच्या टोकाला एफ/८. २एक्स म्हणजे ८००, एफ/११. हे ८०० ऐकायला गोड लागतं आणि तिथेच माणूस फसतो.

इथे "मग क्रॉप का नको" याचा निकाल लावू, कारण यावर वाद फार होतात आणि बरेचसे चुकीच्या मुद्द्यावर होतात. लोक म्हणतात, कन्व्हर्टर लावला की आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) दुप्पट करावा लागतो, म्हणजे नॉइज (दाणेदारपणा) वाढतो, त्यापेक्षा क्रॉप बरं. वरवर पटतं, पण हिशेब अर्धवट आहे. पक्ष्याकडून किती प्रकाश गोळा झाला हे ठरतं लेन्सच्या पुढून दिसणाऱ्या उघड्या छिद्राच्या व्यासावर. ४०० भागिले ५.६, म्हणजे साधारण ७१ मिलिमीटर. कन्व्हर्टर लावल्यावर ५६० भागिले ८, तरी तेच ७० च्या आसपास. शटर स्पीड तोच ठेवला तर पक्ष्याच्या अंगावरून आलेला एकूण प्रकाश दोन्ही वेळी जवळजवळ सारखाच आहे. कन्व्हर्टरने तो दुप्पट पिक्सेलवर वाटला, क्रॉपवाल्याने तो कमी पिक्सेलवर घेतला आणि नंतर फोटो मोठा करताना नॉइजही मोठा केला. शेवटी दोन्ही पक्षी एकाच आकारात शेजारी ठेवले की नॉइजमध्ये सांगण्यासारखा फरक राहत नाही. (गंमत म्हणजे २०० एफ/२.८ चं छिद्रही ७१ मिलिमीटरचंच आहे. तुमच्या दोन्ही लेन्स लांबच्या टोकाला त्या पक्ष्याकडून सारखाच प्रकाश उचलतात.)

म्हणजे खरा प्रश्न नॉइजचा नाही, तपशिलाचा आहे. समजा १५ मीटरवर १५ सेंटिमीटरचा खंड्या बसलाय. ४०० मिलिमीटरवर त्याची प्रतिमा सेन्सरवर ४ मिलिमीटरची. २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेमवर रुंदीत ३६ मिलिमीटरला सुमारे ६००० पिक्सेल असतात, म्हणजे आपला खंड्या चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम ६६० पिक्सेलचा. १.४एक्सने तो ९३० च्या घरात जातो, २एक्सने १३०० च्या पुढे. दुसऱ्या बाजूने बघा: ४०० वर तुमचा एकेक पिक्सेल त्या पक्ष्याच्या अंगावरचा सुमारे ०.२२ मिलिमीटर झाकतो, ५६० वर ०.१६. पिसांच्या बारीक कडा हरवतात किंवा सापडतात त्या याच फरकात. ४५ मेगापिक्सेलच्या बॉडीचा पिक्सेल मुळातच लहान, साधारण ४.४ मायक्रॉनचा, तुमच्या ६ मायक्रॉनच्या तुलनेत. ती बॉडी कन्व्हर्टरशिवाय ४०० वर जवळपास तेवढाच तपशील टिपते जेवढा तुमची बॉडी १.४एक्स लावून टिपेल. म्हणून ज्यांच्याकडे ४५ मेगापिक्सेल किंवा २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी (फुल-फ्रेमहून लहान) सेन्सर आहे, त्यांना मी "आधी क्रॉप करून बघा" म्हणतो. तुम्हाला म्हणत नाही. तुमच्या सेन्सरचे पिक्सेल मोठे आहेत, लेन्सला अजून द्यायला वाव आहे.

वाव आहे, हे मी गृहीत धरलंय. ते तुम्ही तपासायचं, आणि त्याला कन्व्हर्टर लागत नाही. १००-४०० घट्ट ट्रायपॉडवर लावा, ४०० वर, पूर्ण उघड्या अपर्चरला, आणि १५-२० पावलांवर बारीक छपाईचा कागद भिंतीला चिकटवून त्याचा फोटो घ्या. सेल्फ-टायमरने, तीन-चार वेळा नव्याने फोकस करून. सगळ्यात चांगली फ्रेम स्क्रीनवर १०० टक्क्यांवर बघा, मग २०० टक्क्यांवर. १०० वर अक्षरांच्या कडा कुरकुरीत असतील आणि २०० वर पिक्सेलचे चौकोन दिसू लागले तरी कडा धड असतील, तर लेन्सकडे शिल्लक आहे. १०० वरच कडा मऊ असतील, त्यांना जांभळी-हिरवी झालर असेल, तर कन्व्हर्टर तीच मऊ कड आणि तीच झालर मोठी करून तुमच्या हातात ठेवेल. कन्व्हर्टरने लेन्स बिघडत नाही, तिचं पितळ उघडं पडतं.

हे मी पैसे मोजून शिकलोय. सुरुवातीच्या काळात माझ्याकडे एक साधी ७०-३०० होती, ३०० ला एफ/५.६ आणि मुळातच थोडी मऊ. तिच्यावर मी एक स्वस्त २एक्स चढवला आणि ६०० मिलिमीटर मिळालं म्हणून आठवडाभर हरखून हिंडलो. एफ/११, ऑटोफोकस बंद, व्ह्यूफाइंडर अंधारलेला. आठवड्याच्या शेवटी घरी बसून मी ३०० चे जुने फोटो दुप्पट मोठे करून शेजारी ठेवले. जुने बरे होते. कन्व्हर्टरने माझ्या पक्ष्यात एकही नवीन पीस दाखवलं नव्हतं, फक्त धुकं मोठं केलं होतं.

त्यामुळे ढोबळ अंदाज असा ठेवा. एफ/२.८ ची चांगली प्राइम (झूम नसलेली) लेन्स, ३०० किंवा ४०० मिलिमीटरची: दोन्ही कन्व्हर्टर चालतात, २एक्ससुद्धा. एफ/४ ची ५०० किंवा ६००: १.४एक्स निर्धास्त, २एक्स चांगल्या उजेडात. एफ/५.६ चा उत्तम झूम: १.४एक्स, आणि तिथेच थांबा. एफ/६.३ चे १५०-६००, २००-६०० असे झूम: १.४एक्सने ८४० एफ/९ होतं, भर उन्हात जमतं, ढगाळ सकाळी हात टेकावे लागतात. लेन्स बनवणाऱ्यांचा कल कुठे आहे तेही बघा. कन्व्हर्टर आतच बसवलेल्या मोठ्या लेन्स घ्या: कॅननची २०१३ ची २००-४०० एफ/४, निकॉनची २०१८ ची १८०-४०० एफ/४, मग २०२२ च्या निकॉन झेड ४०० एफ/२.८ आणि ६०० एफ/४. सगळ्यांत १.४एक्स आहे. ऑलिंपसच्या १५०-४०० मध्ये तर १.२५एक्सच. खटका दाबला की कन्व्हर्टर आत, पुन्हा दाबला की बाहेर. या लेन्सवर पैशाचा हात आखडलेला नाही, तरी त्यांत २एक्स घातलेला नाही.

आता ऑटोफोकस. तुमची बॉडी मिररलेस आहे हे तुमचं नशीब. डीएसएलआरमध्ये, म्हणजे आरसा असलेल्या कॅमेऱ्यात, फोकसचा सेन्सर वेगळा असतो आणि तो लेन्सच्या छिद्राच्या दोन विरुद्ध कडांकडून येणारे किरण ताडून बघतो. छिद्र एका मर्यादेपलीकडे लहान झालं की त्या कडाच त्याला दिसत नाहीत. बऱ्याच डीएसएलआरची ही मर्यादा एफ/५.६ होती, काहींची एफ/८ आणि तीही बहुधा फक्त मधल्या बिंदूला. कॅननच्या ५डी मार्क ३ ला एफ/८ वर फोकस करता यावं म्हणून २०१३ मध्ये फर्मवेअर काढावं लागलं होतं. मिररलेसमध्ये फोकस मुख्य सेन्सरवरूनच होतो, त्यामुळे हे कुंपण बरंच मागे गेलं. २०२० मध्ये कॅननने ८०० एफ/११ वर २एक्स लावून १६०० एफ/२२ वर ऑटोफोकस चालवून दाखवला.

पण चालतो आणि पळतो यात अंतर आहे. ईएफ माउंटच्या काळात (माउंट म्हणजे लेन्स आणि बॉडीचा सांधा, ईएफ हा कॅननच्या डीएसएलआरचा) कॅननने स्वतःच सांगितलं होतं की १.४एक्स लावल्यावर फोकसची मोटर निम्म्या वेगाने आणि २एक्सवर पाव वेगाने चालवली जाते, अचूकता टिकावी म्हणून. आजच्या जोड्या त्याहून चपळ आहेत, तरी एफ/८ वर सेन्सरला निम्माच प्रकाश मिळतो हे बदलत नाही. बसलेल्या खंड्याला काही फरक पडणार नाही. सूर मारणाऱ्या खंड्याला पडेल. माझा नियम असा की उडते पक्षी टिपायचे असतील तर कन्व्हर्टर काढून ठेवायचा: फ्रेम मोकळी मिळते, पक्षी चौकटीत राहतो, फोकस पटकन लागतो. आणि लेन्सवर फोकस लिमिटरचं (फोकसचा पल्ला मर्यादित करणारं) बटण असेल तर कन्व्हर्टर लावल्यावर ते विसरू नका. एकदा फोकस सुटून जवळच्या टोकाला गेला की परत यायला इतका वेळ घेतो की पक्षी तोवर दुसऱ्या झाडावर.

"कोणत्या कंपनीचा" याचं उत्तर चवीवर नाही, माउंटवर ठरतं. बहुतेक कंपन्यांच्या कन्व्हर्टरचं पुढचं भिंग नळीसारखं बाहेर आलेलं असतं आणि ते लेन्सच्या मागच्या पोकळीत शिरतं. ज्या लेन्समध्ये ती पोकळी नाही तिच्यावर तो बसतच नाही, आणि जोर केला तर दोन भिंगं एकमेकांवर घासतात. म्हणून विकत घेण्याआधी लेन्सच्या माहितीपत्रकात कन्व्हर्टरच्या सुसंगतीची यादी बघा, आणि "कंपनी तीच, माउंट तोच" एवढ्यावर विसंबू नका. कॅननची २०१९ ची आरएफ (कॅननच्या मिररलेस माउंटची) ७०-२०० एफ/२.८ एल याचं ठळक उदाहरण आहे: तीवर कॅननचेच आरएफ एक्स्टेंडर बसत नाहीत. (कॅनन कन्व्हर्टरला एक्स्टेंडर म्हणते, वस्तू तीच.) आरएफ १००-५०० वर बसतात, पण झूम ३०० च्या पुढे असेल तेव्हाच. म्हणजे १.४एक्स लावला की तुमची लेन्स ४२०-७०० होते आणि खालचा सगळा पल्ला बंद. बॅगेत ठेवतानाही ती आखडत नाही, हे त्रासदायक प्रकरण दुकानात लक्षात येत नाही, पहिल्या प्रवासात येतं.

सोनीच्या ई माउंटवर सिग्मा किंवा टॅमरॉनची लेन्स असेल तर विषयच संपतो, तिथे त्यांच्या झूमसाठी कन्व्हर्टर नाहीत. सिग्माची तीच १५०-६०० एल माउंटमध्ये घेतली तर सिग्माचे कन्व्हर्टर चालतात. अ‍ॅडॉप्टरवाल्यांसाठी: कन्व्हर्टर लेन्सच्या माउंटचा लागतो, बॉडीच्या नाही. जुनी ईएफ लेन्स आरएफ बॉडीवर वापरत असाल तर क्रम लेन्स, ईएफ एक्स्टेंडर, अ‍ॅडॉप्टर, बॉडी. निकॉनचे झेड (मिररलेस माउंटचे) कन्व्हर्टरही जुन्या लेन्ससाठीच्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरसोबत चालत नाहीत.

केन्कोसारख्या तिसऱ्या कंपनीच्या कन्व्हर्टरचं पुढचं भिंग बाहेर आलेलं नसतं, त्यामुळे ते जास्त लेन्सवर बसतात. तेवढा त्यांचा फायदा खरा, आणि मध्यावर ते बरे असतात. कडांना मार खातात, पण पक्षी काठावर कोण ठेवतं? माझी अडचण वेगळी आहे. काही जुने मॉडेल बॉडीला आपण मध्ये बसलोय हे कळवतच नाहीत. मग फोटोच्या माहितीत ४०० एफ/५.६ लिहिलेलं येतं, आणि बॉडीतलं स्थिरीकरण ४०० समजून काम करतं, प्रत्यक्षात लेन्स ५६० झालेली असते. तुमच्या १००-४०० साठी कंपनीचा कन्व्हर्टर उपलब्ध आहे असं धरलं तर बचत करण्याची ही जागा नाही.

मग २एक्स कुणासाठी? एफ/२.८ च्या मोठ्या प्राइमवाल्यांसाठी, हे वर आलंच. शिवाय चंद्रासाठी. चंद्राची प्रतिमा फोकल लेंग्थच्या साधारण ११० व्या भागाएवढी पडते: ४०० वर ३.६ मिलिमीटर, ८०० वर ७ च्या थोडी पुढे. चंद्र उजळ आहे, जागेवर आहे, एफ/११ त्याला पुरतं, ट्रायपॉडवर हाताने फोकस करता येतो. तिसरा उपयोग मला सगळ्यात आवडतो: फुलपाखरं आणि चतुर. कन्व्हर्टर लावल्यावर लेन्सचं किमान फोकसचं अंतर बदलत नाही. म्हणजे जिथून आधी ०.३ पट प्रतिमा मिळत होती तिथूनच १.४एक्सने ०.४२ आणि २एक्सने ०.६ मिळते. चतुर उडत नाही, कारण तुम्ही लांबच आहात. तुमच्या १००-४०० चं किमान अंतर एक मीटरच्या आसपास असेल तर १.४एक्स नुसता याच कामासाठीही वसूल होईल.

याच्या उलट एक गैरसमज. कन्व्हर्टर लोक घेतात लांबच्या पक्ष्यासाठी, कामाला येतो तो जवळच्या लहान पक्ष्यासाठी. शंभर मीटरवरच्या गरुडाला ८०० मिलिमीटरने गाठायला गेलात तर मध्ये शंभर मीटर हवा आहे. ऊन चढलं की ती जमिनीवरून उकळत वर येते आणि पिसांची लापशी करते. त्यावर कुठल्याही किमतीचं भिंग उपाय नाही. सकाळी लवकर जा, पाण्यावरून किंवा तापलेल्या रस्त्यावरून नेम धरू नका, आणि जमलं तर चार पावलं पुढे सरका. १५ मीटरचे ११ केलेत की विनाकन्व्हर्टर १.४ पट झालंच, तेही स्टॉप न गमावता.

एक पर्याय तुम्ही विचारला नाहीत, पण मी सुचवणार: १००-४०० विकून थेट ६०० पर्यंत जाणारा एफ/६.३ चा झूम. त्याचं छिद्र ९५ मिलिमीटरचं, तुमच्या ७१ समोर. क्षेत्रफळात पावणेदोन पटीहून किंचित जास्त, म्हणजे हा पक्ष्याकडून खरोखरच जास्त प्रकाश गोळा करतो, नुसता पसरवत नाही. ५६० एफ/८ पेक्षा ६०० एफ/६.३ दर वेळी बरं. किंमत म्हणजे वजन आणि लांबी. हातात धरून तासन्‌तास हिंडणाऱ्याला १००-४०० आणि खिशात १.४एक्स हेच सोयीचं. एका लपणात बसून वाट बघणाऱ्याला ६००. तुम्ही आठवड्यातून तीन दिवस फक्त पक्षीच टिपत असाल आणि कन्व्हर्टर कधी काढणारच नसाल, तर कन्व्हर्टर घेऊ नका, लेन्स बदला.

घेतलाच तर वापराबद्दल दोन-चार गोष्टी. शटर स्पीड ४०० च्या सवयीने ठेवू नका. हाताचा हादराही १.४ पट मोठा झालेला असतो, त्यामुळे बसलेल्या पक्ष्यालाही १/८०० च्या खाली जाताना मी दहा फ्रेम घेतो आणि एक ठेवतो. आयएसओ ८०० चा १६०० होऊ द्या, वर हिशेब सांगितलाय. एफ/८ वरून आणखी अपर्चर बंद करायच्या फंदात पडू नका, प्रकाश आधीच कमी आहे. डीएसएलआरवाल्यांनी फोकसची सूक्ष्म जुळणी लेन्स आणि कन्व्हर्टर अशा जोडीसाठी वेगळी करून घ्यावी. लेन्सची एकटीची जुळणी जोडीला लागू पडत नाही. "कन्व्हर्टर खराब आहे" म्हणून माझ्याकडे आलेल्या तक्रारींत निम्म्या वेळा एवढंच निघालं.

बसवताना आधी कन्व्हर्टर लेन्सला लावा, मग जोडी बॉडीला. सेन्सर कमी वेळ उघडा राहतो. वाऱ्यात तर गाडीत बसूनच. जुना घेत असाल तर टॉर्च आरपार मारून बुरशीचे धागे बघा, सोनेरी संपर्कबिंदू घासलेले नाहीत ना ते बघा, आणि बसवल्यावर हलकं पिळून बघा. लेन्स-कन्व्हर्टरच्या सांध्यात खुळखुळ जाणवली तर तो परत द्या. १.४एक्समध्ये एवढीशी खुळखुळ फ्रेमची एक बाजू मऊ करते, आणि ती मऊ बाजू तुम्ही सहा महिने लेन्सच्या माथी मारत राहाल.